महापालिकेची बालवाडी: दोन वर्षांच्या अनुभवानंतरचा अभिप्राय

माझी मुलगी दोन वर्षे पुण्यातल्या महापालिकेच्या एका शाळेला जोडलेल्या बालवाडीत गेली, तिथूनच त्याच शाळेच्या पहिलीत गेली आणि आता ती दुसरीत आहे. महापालिकेची बालवाडी कशी असते, तिथे खरेच काही शिकवतात का, असे सोसायटीतल्या आणि कचेरीतल्या ओळखीच्या आया मला इतक्या वेळा विचारतात की एकदा सविस्तर लिहून ठेवावे असे वाटले. माझे मत आधीच सांगते. बालवाडी चांगली आहे आणि मुलाला निःशंकपणे घालावी अशी आहे. मात्र तिथे मूल जे कमावते त्याची पहिलीच्या वर्गात कोणी दखल घेत नाही, आणि हा दोष मला लहान वाटत नाही. शाळेचे नाव मी लिहीत नाही, कारण बालवाडीच्या ताई मानधनावर काम करतात आणि माझ्या लिहिण्यामुळे त्यांना कोणाला उत्तरे द्यावी लागू नयेत. इथे लिहिलेले सगळे एका शाळेत पाहिलेले आहे, तेव्हा आपल्या घराजवळची बालवाडी प्रत्येकाने स्वतः जाऊन पाहावी.

मुलगी तीन वर्षांची झाली तेव्हा आम्ही आधी एका खासगी नर्सरीत चौकशी केली होती. वर्षाची फी 60,000 रुपये होती, शिवाय गणवेश, पुस्तकांचा संच आणि व्हॅन यांचे पैसे वेगळे. ओढाताण करून तेवढी तजवीज झालीही असती. पण फीचा कागद हातात घेऊन बाहेर थांबले असताना दाराच्या काचेतून मला आतला वर्ग दिसला. तीन-साडेतीन वर्षांची मुले चौकटीच्या वहीत आकडे लिहीत होती, आणि कडेला बसलेला एक मुलगा पेन्सिल मुठीत धरून इंग्रजी आठाचा आकडा पुन्हा पुन्हा खोडत होता. खोडून खोडून त्याच्या वहीचे पान फाटले होते, तो रडत होता आणि रडता रडताच पुढची चौकट भरत होता. त्या दिवशी घरी येऊन आम्ही दोघांनी ठरवले की इथे नाही. महापालिकेच्या बालवाडीचे नाव शेजारच्या आजींनी सुचवले. त्यांची नात तिथे जात होती.

प्रवेशाला अडचण आली नाही. जन्मदाखला, आधार कार्ड आणि पत्त्याचा पुरावा एवढेच आमच्याकडे मागितले. फी नाही, देणगी नाही, मुलाची किंवा पालकांची मुलाखत नाही. वर्ग तळमजल्यावर होता, भिंती जुन्या होत्या, पण खालचा अडीच-तीन फुटांचा पट्टा काळ्या रंगाने रंगवलेला होता आणि तिथे मुलांनी खडूने काहीही काढावे अशी मुभा होती. सतरंज्या, खेळण्यांच्या तीन पेट्या, मुलांचा हात पोहोचेल अशा उंचीवर लावलेली चित्रे आणि दारापाशी चपला ओळीने ठेवायला आखलेली पांढरी रेघ. पटावर 28 मुले होती, एक ताई आणि एक मदतनीस. वेळ सकाळची, साडेतीन तासांची.

पहिले काही दिवस मुलगी मला सोडायला तयार नव्हती, म्हणून ताईंनी मला मागे बसू दिले, आणि त्यामुळे जे पाहायला मिळाले ते अजून डोळ्यांसमोर आहे. एके दिवशी ताईंनी चिंचोक्यांचा डबा काढला आणि जोडीजोडीने बसलेल्या मुलांपुढे मूठमूठ चिंचोके ओतले. "कोणाकडे जास्त आहेत?" एवढेच विचारून त्या गप्प राहिल्या. माझ्या मुलीने आपले चिंचोके पसरून ठेवले होते, त्यामुळे ढीग मोठा दिसत होता. "माझ्याकडे जास्त" असे ती लगेच म्हणाली. समोरच्या मुलाने मान हलवली. ताईंनी दोघांनाही चूक किंवा बरोबर म्हटले नाही. त्या मुलाने मग आपला एक चिंचोका माझ्या मुलीच्या एका चिंचोक्यासमोर ठेवला, मग दुसऱ्यासमोर दुसरा, आणि अशा जोड्या लावत गेल्यावर शेवटी त्याच्याकडे दोन उरले. माझी मुलगी त्या उरलेल्या दोनांकडे बराच वेळ बघत बसली आणि मग म्हणाली, "तुझ्याकडे दोन जास्त." तिला तेव्हा वीसपर्यंत आकडे पाठ होते, ते मीच पाठ करून घेतले होते आणि त्याचे मला कौतुकही होते. पण संख्या म्हणजे काय हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळले, असे मला आजही वाटते. वर्गात त्या दिवशी एकही आकडा लिहिला गेला नव्हता.

दुसरी गोष्ट भाषेची. त्या वर्षी दिवाळीनंतर कलबुर्गीकडून बांधकामावर आलेल्या कुटुंबातला एक मुलगा वर्गात आला. त्याला फक्त कानडी येत होते. तीन-चार दिवस तो दाराशीच बसून राहिला. ताईंनी त्याच्या आईला थांबवून पाणी, ये, बस, शू, भूक अशा दहा-बारा गोष्टींना कानडीत काय म्हणतात ते विचारून घेतले आणि देवनागरीत लिहून कपाटाच्या दारावर चिकटवले. "नीरू" म्हटल्यावर त्या मुलाने पहिल्यांदा मान वर करून पाहिले, हे मी स्वतः पाहिलेले आहे. महिनाभरात सगळा वर्ग पाण्याला नीरू म्हणू लागला आणि तो मुलगा मराठी बडबडगीते म्हणू लागला. घरची भाषा घेऊन आलेल्या मुलाला त्याच भाषेच्या आधाराने शाळेच्या भाषेत आणायचे असते, हे शिक्षणशास्त्रात पक्के मानलेले तत्त्व आहे. ते पाळणारी बाई मला जिथे भेटली त्या वर्गाला पंखा एकच होता आणि तोही आवाज करणारा.

पुष्कळ लोक बालवाडी आणि अंगणवाडी यांत गल्लत करतात, म्हणून थोडे स्पष्ट करते. अंगणवाडी ही 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झालेल्या केंद्राच्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेतली आहे. तिथे सहा वर्षांखालील मुलांचा पोषण आहार, लसीकरणाला आणि आरोग्य तपासणीला मदत आणि त्यांच्या जोडीला पूर्वप्राथमिक शिक्षण अशी सगळी कामे एकाच सेविकेकडे असतात. शाळेला जोडलेल्या बालवाडीत शिकवणे हेच मुख्य काम असते. दोन्हींची पाळेमुळे मात्र आपल्याच मातीतली आहेत. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी 1926 साली भावनगरला नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. पुढे 1945 मध्ये ताराबाईंनी ठाणे जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या पालघर जिल्ह्यातल्या, बोर्डी इथे काम उभे केले आणि पुणे जिल्ह्यातल्या मोरगावच्या अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या. दलित वस्तीतली मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. परदेशातून येणाऱ्या महागड्या साधनांऐवजी बिया, शंख, पाने, माती यांवर मुलांना शिकवायची रीत त्यांनी घालून दिली. आमच्या ताईंचा चिंचोक्यांचा डबा त्याच परंपरेतला आहे.

त्रुटी सांगायला हव्यात. साडेतीन तासांनंतर मुलाला कोणी न्यायचे हा प्रश्न नोकरी करणाऱ्या आईपुढे रोज उभा राहतो. आम्ही पाळणाघराचे पैसे भरले, ज्यांना ते जमत नाही त्यांची मोठी बहीण स्वतःची शाळा बुडवून धाकट्याला न्यायला येते, हे मी पाहिलेले आहे. 28 मुलांना एक ताई पुरत नाही, आणि ताई रजेवर असल्या की मदतनीस मुलांना केवळ सांभाळू शकते. लहान मुलांच्या उंचीचे स्वच्छतागृह नाही. इंग्रजीचे म्हणाल तर गाणी आणि चार शब्द यांपलीकडे तिथे इंग्रजी नाही, आणि या वयाला तेवढे पुरे आहे असे माझे मत आहे. ज्यांना ते पटत नाही त्यांनी ही बालवाडी निवडू नये, नाहीतर वर्षभर ताईंशी वाद होत राहतो. खाऊ बहुतेक दिवस चांगला होता, उसळ मुलीला इतकी आवडायची की घरीही ती तशीच मागायची.

आता पहिलीकडे येते, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. वर्ग त्याच इमारतीत, बालवाडीपासून मोजून दोन खोल्या सोडून. ताईंच्या जागी बाई आल्या, सतरंजीच्या जागी बाक आले आणि मुले चाळीसच्या आसपास झाली. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक शाळेत तीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असे प्रमाण सांगितले आहे. बालवाडीतून आलेली मुले साधारण निम्मी होती. बाकीची कोणी गावाहून, कोणी बांधकामाच्या साइटवरून, कधीही कुठे न गेलेली. सुरुवातीचे तीन महिने विद्याप्रवेश म्हणून खेळातून तयारी करून घ्यायचे असतात, आणि ज्यांनी पूर्वी काहीच केलेले नाही त्यांच्यासाठी ते उत्तमच आहे. पण माझ्या मुलीला त्या तीन महिन्यांत उभ्या, आडव्या आणि तिरप्या रेघा काढायला मिळाल्या. गोष्ट ऐकून पुढे काय होईल ते सांगणारी, स्वतःचे नाव ओळखणारी, जोड्या लावून कमी-जास्त ठरवणारी मुलगी "आज शाळेत काय केले?" या प्रश्नाला "रेघा" असे उत्तर देऊ लागली. दिवाळीनंतर एकदम उलटे झाले. अक्षरे, काना, मात्रा, बाराखडी यांचा वेग इतका वाढला की नवीन मुले मागे पडू लागली आणि आधी कंटाळलेल्या मुलांचे लक्ष तोवर उडून गेले होते.

मी बाईंना भेटले. त्या मनापासून शिकवणाऱ्या आहेत आणि माझा राग त्यांच्यावर नाही. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे मुलांची नावे आणि जन्मतारखा येतात, बाकी काही येत नाही." मी बालवाडीत गेले. ताईंनी कपाटातून एक लांब वही काढून दाखवली. त्यात प्रत्येक मुलाचे एक पान होते. माझ्या मुलीच्या पानावर लिहिले होते की कात्री धरता येते, गट करताना फक्त रंग बघते, आकार बघत नाही, मोठ्याने बोलायला लाजते पण शेजारणीला गोष्ट सांगते. दोन वर्षांच्या निरीक्षणाची ही नोंद ज्या बाईंना हवी होती त्यांच्यापासून ती दोन खोल्यांच्या अंतरावर कपाटात बंद होती. कोणी मागितली नव्हती आणि कोणी द्यायला सांगितलेही नव्हते. मला त्या दिवशी फार वाईट वाटले.

बालवाडीत गेलेल्या मुलांचे पुढे शाळेत काय होते, यावर जगात पुष्कळ अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या इप्सिलँटी गावी 1962 ते 1967 या काळात गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतल्या 123 मुलांवर एक प्रयोग झाला. त्यांतल्या 58 मुलांना चांगली बालवाडी मिळाली आणि शिक्षिका दर आठवड्याला त्यांच्या घरीही जात असत, 65 मुलांना ती मिळाली नाही. बालवाडीतल्या मुलांची बुद्धिमापन चाचणीतली आघाडी आठव्या वर्षाच्या सुमारास विरली. पण चाळिशीपर्यंत माग ठेवला तेव्हा त्यांच्यातले अधिक जण शालेय शिक्षण पूर्ण करून अधिक कमावत होते आणि पोलिसांच्या तावडीत कमी सापडले होते. एका शहराच्या सरकारी शाळांचे उदाहरण हवे असेल तर ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहराचे आहे. त्या राज्याने 1998 पासून चार वर्षांच्या प्रत्येक मुलाला सरकारी बालवाडी खुली केली. शिक्षिका पदवीधर आणि बालशिक्षणाचे प्रशिक्षण घेतलेली असावी, तिला शाळेतल्या इतर शिक्षकांच्या श्रेणीत पगार मिळावा आणि दहा मुलांमागे एक मोठी व्यक्ती असावी, असे नियम केले. टल्साची मुले पुढच्या वर्गात आली तेव्हा अक्षरओळखीत इतरांच्या कित्येक महिने पुढे होती, असे जॉर्जटाउन विद्यापीठाच्या संशोधकांना आढळले.

याच्या उलट टेनेसी राज्याचा अनुभव आहे, आणि तोही लपवून ठेवू नये. तिथे जवळपास 3,000 मुलांची चिठ्ठ्या टाकून निवड झाली होती, त्यामुळे तुलना पक्की होती. बालवाडीत गेलेली मुले सुरुवातीला पुढे होती, तिसरीपर्यंत ती आघाडी गेली आणि सहावीत ती इतरांपेक्षा मागे असल्याचे 2022 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले. बालवाडी नुसती असून भागत नाही. आत काय चालते आणि पुढच्या वर्गात तिचे काय होते, यावर सगळे अवलंबून असते.

आपल्याकडचे पुरावे याला धरूनच आहेत. आसाम, राजस्थान आणि तेलंगणा या तीन राज्यांत 2011 पासून काही वर्षे सुमारे 14,000 मुलांचा माग ठेवला गेला. बालवाडीचा फायदा होतो, पण बरीच मुले पहिलीसाठी अपेक्षित तयारी न होताच शाळेत येतात आणि मग अभ्यासक्रम त्यांच्या डोक्यावरून जातो, असे त्यातून पुढे आले. तामिळनाडूत 320 अंगणवाड्यांच्या प्रयोगात निम्म्या ठिकाणी फक्त शिकवण्यासाठी अर्धवेळ आणखी एक व्यक्ती नेमली, तर शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला आणि मुलांचे भाषा आणि गणित दोन्ही सुधारले. आमच्या वर्गातल्या 28 मुलांसाठी दुसऱ्या ताई का हव्यात, याला याहून वेगळे कारण मला देण्याची गरज वाटत नाही.

या सगळ्यात पुण्याची मुले कुठे बसतात, हे पालकाला समजणे कठीण आहे. मुलांना वाचता आणि गणित करता येते का हे तपासणारी 'असर' ही पाहणी ग्रामीण भागापुरती असते, त्यामुळे आपले शहर तिच्यात येत नाही. राष्ट्रीय पातळीवरची संपादणूक पाहणी तिसरीपासून सुरू होते. 4 डिसेंबर 2024 रोजी झालेल्या 'परख' या केंद्रीय मूल्यमापन संस्थेच्या सर्वेक्षणातही तिसरी, सहावी आणि नववी हेच वर्ग होते. तिसरीतल्या मुलाला वाचता येत नाही असे दिसते तेव्हा त्याची बालवाडी संपून तीन वर्षे होत आलेली असतात. शाळेची गुणवत्ता मोजताना आपण शिष्यवृत्ती परीक्षेत किती मुले आली ते विचारतो, पालकसभेतही तेच विचारले जाते. पहिलीत आलेल्या मुलांपैकी किती बालवाडीतून आली आणि दुसरीच्या शेवटी त्यांच्यातल्या किती जणांना अर्थ समजून एक परिच्छेद वाचता येतो, असे विचारणारा पालक मला अजून भेटलेला नाही. मी स्वतःही मुलगी पहिलीत जाईपर्यंत ते विचारले नव्हते.

कायद्याची बाजूही कमकुवत आहे. शिक्षणाचा मूलभूत हक्क सहा ते चौदा वयाचा आहे. सहा वर्षांखालील मुलांसाठी राज्याने प्रयत्न करावा, असे घटनेचे कलम 45 म्हणते, आणि शिक्षण हक्क कायद्याचे कलम 11 सरकारला मोफत पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था करण्याची मोकळीक देते. त्यासाठी मूल किंवा पालक न्यायालयात हक्क मागू शकेल असे ते नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला, म्हणजे बालवाडीची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी यांची एकच साखळी धरली. मला हा विचार पूर्णपणे पटतो. आमच्या शाळेत मात्र ती साखळी त्या दोन खोल्यांच्या मध्ये तुटते.

मुलगी आता दुसरीत वाचते, हळू पण समजून वाचते. पहिलीतले गेलेले महिने आम्ही घरी चिंचोके आणि गोष्टींची पुस्तके घेऊन भरून काढले, कारण मला कचेरीतून सहाला घरी येता येते. त्या वर्गातल्या सगळ्या आयांना ते जमत नाही. त्यांच्यातल्या दोघी रात्रीपर्यंत पोळ्या लाटायच्या कामाला असतात.

धाकट्या मुलाचे नाव याच बालवाडीत घातले आहे. जूनमध्ये तो मोठ्या गटात जाईल. त्याच्या वर्षाच्या शेवटी प्रत्येक मुलाच्या पानाची एक प्रत पहिलीच्या बाईंना द्यावी, असा अर्ज आम्ही अकरा पालकांनी सह्या करून मुख्याध्यापकांकडे दिला आहे. त्यांनी तो ठेवून घेतला आणि ताईंशी बोलतो म्हणाले. ताई म्हणाल्या की वही तयार आहे.